कोरडा हात

अमरावतीच्या कापूसबाजारात त्या दोन वर्षांत सगळ्यांचे कान एका शब्दाकडे लागलेले असत. "कोरडा" किंवा "वल्ला," म्हणजे ओला. कडुनिंबाखाली बसणाऱ्या जानरावांनी यातला एक शब्द उच्चारला, की पुढे कोणी बोलत नसे.

समुद्रापलीकडे कुठेतरी लढाई चालू होती आणि तिच्यामुळे वऱ्हाडच्या कापसाला विलायतेत मागणी आली होती, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं. मोर्शीकडून, धामणगावकडून गाड्यांच्या रांगा लागत. काल ज्याच्या बैलांच्या शिंगांना पितळ होतं, त्याच्या बैलांच्या शिंगांना आज चांदी दिसे. आणि माल जड भरावा म्हणून कापसावर पाणी शिंपडणारेही वाढले होते. ओला कापूस गाठीत दाबला की आतल्या आत तापतो, कुजतो, मुंबईला पोचेपर्यंत पिवळा पडतो. म्हणून बाजारांनी आपसात एक रीत घातली होती. ओला माल सापडला, की त्या गाडीच्या जुवावर गेरूचा पट्टा ओढायचा. पट्टा पडलेली गाडी त्या मोसमात वऱ्हाडातला कुठलाच बाजार आत घेत नसे.

अमरावतीत हा पट्टा कोणाच्या जुवावर पडणार, ते जानराव ठरवत.

त्यांची पद्धत बघायला लोक मुद्दाम थांबत. समोर पितळी ताटलीत गोवरीची चाळलेली राख. ती ते दोन्ही तळहातांना चोळत, हात झटकत, मग कापसात कोपरापर्यंत हात घालून आत मूठ मिटत. डोळेही मिटत. एकदा, दुसऱ्या जागी पुन्हा, तिसऱ्या जागी पुन्हा. लोक म्हणत, लक्ष्मीला हात लावायच्या आधी राख लावतो, केवढा भाविक माणूस. तीन-तीनदा पाहतो, केवढा न्यायी माणूस. शेतकऱ्यांकडून हात ओले करून घेणारे पारखी बाजारात पुष्कळ होते. जानरावांनी कोणाच्या हातचं पानही कधी खाल्लं नव्हतं. म्हणून त्यांना नाव पडलं होतं, कोरड्या हाताचा जानराव.

त्या हातांना सतत घाम फुटत असे, हे कोणालाच माहीत नव्हतं.

पूर्वी असं नव्हतं. जानराव याच बाजारात हमाल होते, पाठीवर बोजे वाहत होते, तेव्हा त्यांचे हात खडखडीत असत. बोजा उतरवता उतरवता एखादी सरकी दाताखाली धरायची आणि सहज सांगायचं, हा माल वल्ला, हा कोरडा. कोरडी सरकी कट्‌कन दुभंगते, ओली दाताखाली चेपते. त्यांचं म्हणणं कधी चुकत नाही, हे बाजारातले मोठे अडते भगवंतराव यांनी हेरलं आणि एका दसऱ्याला त्यांच्या डोक्यावर पागोटं ठेवलं.

"आता तुमचा शब्द तो माह्या गादीचा शब्द," भगवंतराव म्हणाले. "फक्त ते सरकी चावणं सोडा, जानराव. बैलं चावतात सरकी. आपला पारखी हातानं पाहीन."

लोक हसले, जानरावही हसले. आणि घरी जाताना त्यांच्या लक्षात आलं, की अंगरख्याला लावलेले आपले तळवे ओलसर डाग सोडताहेत.

तेव्हापासून ते थांबलं नाही. पौषातल्या थंडीतही नाही. रोज सकाळी राजापेठेतल्या नव्या घरातून निघताना एकच गोष्ट मनात येई: आपल्याला काही येत नाही, आणि ते आज उघडं पडणार. आज एक गाडी चुकणार. तीनदा हात घालण्यामागे न्याय नव्हता. पहिल्यांदा काय लागलं याची खात्री वाटत नसे, म्हणून दुसऱ्यांदा. दुसऱ्यांदाही वाटत नसे, म्हणून तिसऱ्यांदा. लोक त्या भीतीचंच कौतुक करत, आणि जितकं कौतुक होई तितके हात अधिक गळत. रस्त्यानं ते हात पाठीमागे बांधून चालू लागले. त्यालाही लोक रुबाब म्हणाले.

राख ही माणिकबाईची कल्पना. त्यांच्या बायकोनं एका सकाळी न बोलता ताटली पुढं ठेवली होती. दोन वर्षांत तिनं कशाला म्हणून विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. गोवऱ्या जाळायच्या, राख दोनदा वस्त्रगाळ करायची, हे तिच्या कामात एक काम होऊन बसलं.

त्या माघात अकोल्याचं बोलावणं आलं. मुंबईच्या एका कोठीचे वामनराव नावाचे गृहस्थ तिथं खरेदीला उतरले होते. अमरावती आणि अकोला दोन्ही बाजारांचा माल त्यांना एकाच गादीकडून हवा होता, एकाच पारख्यानं पाहिलेला. आधी त्यांना तो पारखी डोळ्यांनी बघायचा होता.

निघायच्या सकाळी माणिकबाईनं दोन पुरचुंड्या पुढं केल्या.

"अजी, राख दोन जागी बांधली. एक सांडली तं एक राहीन."

"एवढी कायले वं?"

"अकोला लांब हाये."

जानरावांनी पुरचुंड्या घेतल्या. तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं नाही.

"नाही जमलं तं वापस या," ती म्हणाली. "घर काही पळून नाही चाललं."

"काहून नाही जमणार?"

"मी म्हनलं का नाही जमणार म्हणून?" असं म्हणून ती आत गेली.

बैलांच्या दमणीनं अकोल्याला पोचायला तीन दिवस लागले. वाटेत भगवंतराव खुशीत होते. "अकोलेवाले म्हणून राहिले, अमरावतीचा हात पाहू. पाहा म्हणावं बापा, डोळे भरून पाहा!" थोड्या वेळानं ते एकदम गंभीर झाले. "जानराव, तुमच्या या हातावर माहं सारं हाये बरं." जानरावांनी मान डोलावली. त्यांचे हात उपरण्याखाली होते.

अकोल्याच्या बाजारात मोर्णा नदीकडून गार वारं येत होतं. गाड्या ओळीनं लागल्या होत्या, माणसं बैलांच्या मधून डोकावत होती. वामनराव खुर्चीवर बसले होते. पांढरंशुभ्र धोतर, हातात रुमाल. जानरावांनी ताटलीत राख ओतली, तसे ते पुढं वाकले.

"ही कशाला?"

"हात लावायच्या आधी लागते यांले," भगवंतराव म्हणाले.

"छे छे. पांढऱ्या मालाला राख लागायला नको. आमच्या कोठीत कचरा धरतात."

"बराबर हाये, साहेब." भगवंतरावांनी ताटली स्वतःच्या हातानं बाजूला सरकवली. "तसाही यांचा हात कोरडाच हाये. साऱ्या अमरावतीले इचारा."

जानराव उठले. ताटलीकडे त्यांनी एकदा पाहिलं.

पहिली गाडी सोपी होती. विकणाऱ्यानं इतकं पाणी ओतलं होतं, की बोज्याच्या खालून टपकत होतं. "वल्ला," ते म्हणाले आणि लोकांनी टाळ्या दिल्या. दुसऱ्या गाडीच्या मागं जाऊन त्यांनी पुन्हा पुन्हा उपरण्याला हात पुसले, मग घाईनं एकदाच घातला. कोरडा. वामनरावांनी मान हलवली. तोवर उपरण्याचं टोक चिंब झालं होतं.

तिसरी गाडी बाळापूरच्या खुर्शीदबीची होती. पन्नाशीची उंच बाई, डोक्यावरून ओढणी, स्वतःच्या गाडीच्या साट्याला हात लावून उभी. तिचा धाकटा भाऊ कुर्बान बैलांपाशी होता.

"या भाऊ, घाला हात," ती म्हणाली. "बाळापूरचा कापूस हाये, चावत नाही."

जानरावांनी हात घातला. मूठ मिटली. ओल लागली.

त्यांनी जागा बदलली. ओल. वामनराव खुर्चीतून उठून जवळ आले होते, त्यांच्या अंगाचा अत्तराचा वास येत होता. जानरावांनी तिसऱ्या जागी हात घातला. पुन्हा ओल. कोरडा म्हणावं आणि मुंबईत गाठ फोडल्यावर आतून पिवळा निघावा... सगळे त्यांच्या तोंडाकडे बघत होते.

"वल्ला," ते म्हणाले.

"काय म्हनलं?"

"वल्ला हाये, बाई."

"वल्ला?" खुर्शीदबी हसलीच आधी. "अजी, दहा दिवस माह्या आंगणात उन्हात पडेल होता हा. मी अन् माह्या सुनेनं उलटापालटा करकरून कंबर मोडून घेतली. पाणी आलं कुठून? आभाळातून?"

"आपा, चल ना," कुर्बान हळूच म्हणाला.

"तू चुप बैस." ती जानरावांकडे वळली. "भाऊ, हात पुसून पुन्हा पाहा. तुमचाच हात वल्ला असन."

गर्दीतून हशा उठला. "जानरावचा हात वल्ला?" अमरावतीहून आलेला एक जण ओरडला. "अवं माय, त्या माणसानं कोणाची सुपारी नाही खाल्ली आजवर!"

पुन्हा हशा. जानराव हसले नाहीत. पुन्हा हात घालता आला असता. बाई स्वतः सांगत होती. पण पुन्हा घातला म्हणजे पहिल्यांदा खात्री नव्हती, हे साऱ्यांसमोर कबूल करणं. त्यांनी हात पाठीमागे बांधले.

हमालानं गेरूत चिंधी बुडवली आणि जुवावर या टोकापासून त्या टोकापर्यंत ओढली. खुर्शीदबीनं आरडाओरडा केला नाही. पट्ट्याकडे पाहत ती म्हणाली, "सात साल झाले कुर्बानच्या दाजीले जाऊन. सात सालात या जुवाले डाग नव्हता." मग गाडी वळवून चिंचेखाली नेली.

"असा माणूस पाहिजे," वामनराव भगवंतरावांना म्हणाले. "बाईमाणूस बोलली, तरी ढळला नाही. जेवणं होऊ द्या. मग शेला देऊ यांना सगळ्यांदेखत."

धर्मशाळेत पान वाढलं होतं. जानरावांनी भाकरी मोडून तशीच ठेवली. हात धुवायला उठले, तेव्हा उजव्या हाताच्या मनगटापाशी, बाहीच्या घडीत, कापसाचं एक बोंड अडकलेलं दिसलं. खुर्शीदबीच्या गाडीतलं. त्यांनी ते अलगद सोडवलं. आत सरकी होती.

कापूस घटकाभरात वाळतो. सरकी तशी वाळत नाही. कापूस भिजला की पाणी तिच्यात मुरतं आणि राहतं, हे पाठीवर बोजे वाहणाऱ्या माणसाला सांगायला लागत नाही.

दोन वर्षांत त्यांनी सरकी चावली नव्हती. इकडंतिकडं पाहून त्यांनी ती दाढेखाली धरली.

कट्.

एवढासा आवाज, पण त्यांना वाटलं साऱ्या धर्मशाळेनं ऐकला. पलीकडं भगवंतराव ताक मागत होते. कोणी मान वर केली नाही.

कोणाला कळण्यासारखं नव्हतं. एक गाडी. मोसम संपला की पट्टा पुसता येतो. असं ते स्वतःशी म्हणत राहिले, आणि म्हणता म्हणता त्यांना पुढचा मोसम दिसू लागला. दोन बाजार. रोज शंभर गाड्या. राख नाही. घामेजलेला हात ज्या ज्या कापसात जाईल, तो तो कापूस ओला लागेल, आणि ते वल्ला म्हणत जातील, आणि लोक म्हणतील, केवढा कडक माणूस.

ते बाहेर पडले. चिंचेखाली कुर्बान ओल्या मातीनं जू घासत होता. लाकूड जुनं, भेगाळलेलं. गेरू भेगांतून निघत नव्हता, उलट पसरत होता. खुर्शीदबी जमिनीवर बसून बैलाच्या मानेला तेल लावत होती. तिनं जानरावांना पाहिलं आणि मान फिरवली.

बाजारात लोक जमले होते. तबकात शेला घडी करून ठेवलेला. वामनरावांनी तो उचलला आणि दोन शब्द बोलायला सुरुवात केली.

"थांबा," जानराव म्हणाले. ते तबकापाशी आले. "थांबा. त्या बाईचा माल कोरडा हाये. चूक माही झाली. सकाळी माहे हात ओले होते."

मागची माणसं पुढं सरकली.

भगवंतरावांचा चेहरा आधी उतरला, मग लाल झाला. ते जवळ येऊन दबक्या आवाजात म्हणाले, "काय बोलून राहिले तुमी, जानराव? कोणी केले ओले?"

"कोणी नाही. आपोआप होतात."

"आपोआप?" मागून कोणीतरी ओरडलं. "आमचे तं कधी नाही होत बुवा आपोआप!"

हशा फुटला, पण हा सकाळचा हशा नव्हता. "बाईच्या भाऊबंदानं पैसे दिले असन, माल पाडाले," एक जण म्हणाला. "कोरड्या हाताचा म्हणे!" दुसरा म्हणाला आणि थुंकला. वामनरावांनी शेला तबकात परत ठेवला.

तेव्हा कुठं जानरावांच्या ध्यानात आलं, आपण काय बोलून बसलो. गेली दोन वर्षं ज्याची भीती वाटत होती, ते असं येईल, असं त्यांना कधी वाटलं नव्हतं. जो गुन्हा आयुष्यात केला नाही, तोच त्यांनी स्वतःच्या तोंडानं कबूल केला होता. अजूनही सावरता आलं असतं. थट्टा केली म्हणायचं, गर्दीनं ते मानलं असतं. भगवंतरावांचे डोळे तेच विनवत होते.

जानरावांनी पाठीमागचे हात सोडवले आणि उन्हात पुढं धरले. तळवे वर.

हातावरच्या रेषांतून पाणी चमकत होतं. बोटांच्या बेचक्यांतून एक थेंब ओघळला, मनगटावरून बाहीत गेला. मग दुसरा. पुढं उभी असलेली माणसं वाकून पाहू लागली.

"घाम हाये," जानराव म्हणाले. "दोन साल झाले. राख त्याच्यासाठी लावत होतो. सकाळी राख नव्हती."

गर्दी बाजूला सारत खुर्शीदबी आली. तिच्या दोन्ही हातांत आत्ताच गाडीतून उपसलेला कापूस होता. एक मूठ तिनं जानरावांच्या तळव्यावर टाकली.

"आवळा."

त्यांनी मूठ आवळली.

"द्या आता." ती मूठ आणि आपल्या हातातली दुसरी मूठ, दोन्ही तिनं वामनरावांपुढं धरल्या. "पाहा साहेब. एकाच बोज्यातला हाये. हा माहा, अन् हा यांचा."

वामनरावांनी रुमाल खिशात घातला. एक मूठ चाचपली, मग दुसरी. ते काही बोलायच्या आत जानरावांनी कोरड्या मुठीतलं बोंड उचललं, सरकी काढून दाढेखाली धरली. कट्. "तुमीही पाहा," ते म्हणाले. वामनरावांनी अवघडत एक सरकी तोंडात घातली. साऱ्या बाजाराचं लक्ष त्यांच्या जबड्याकडे लागलं. कट्. मग ज्याला त्याला सरकी हवी झाली. थोडा वेळ सगळा अकोल्याचा बाजार खुर्शीदबीची सरकी चावत उभा होता.

"बस करा रे," ती म्हणाली, "माह्या बैलाइले ठेवा थोडी!"

जुवावरचा पट्टा सुतारानं तासून काढला. लाकूड तिथं नवं, पांढरं दिसू लागलं. माल वामनरावांनी घेतला. शेला मात्र तबकातच राहिला. कोठीला विचारून कळवतो, असं ते म्हणाले, आणि ते कळवणं कधी आलं नाही. गाडी निघताना खुर्शीदबीनं जानरावांकडे पाहून नुसती मान हलवली. त्यात माफी होती की नव्हती, त्यांना कळलं नाही.

परतीच्या वाटेवर दमणी मूर्तिजापूरला आली. भगवंतराव एकदम म्हणाले, "घाम म्हनलं असतं तं काय बिघडलं असतं? 'ओले' कायले म्हनलं?"

"तोच शब्द तोंडात आला."

"दोन साल राख चोळून राहिले. मले एकदा सांगता नाही आलं?"

"सांगितलं असतं तं तुमी ठेवलं असतं मले?"

भगवंतराव बैलांच्या हलत्या मानांकडे पाहत म्हणाले, "सोमवारी गाड्या येणार हायेत मोर्शीच्या. लवकर या."

गोष्ट त्यांच्या आधी अमरावतीला पोचली होती, आणि दोन्ही तऱ्हांनी पोचली होती. काही जण घाम म्हणत, काही जण डोळा मारून हात ओले म्हणत, आणि ते शेवटपर्यंत तसं म्हणत राहिले. कोरड्या हाताचा हे नाव गेलं. त्याजागी पोरंसोरंही सरकीखाऊ म्हणू लागली.

सोमवारी सकाळी जानराव निघाले. भीती होतीच, ती कुठं गेली नव्हती. तळवेही ओले होते. माणिकबाई नेहमीसारखी ताटली घेऊन दारात आली.

"नको," ते म्हणाले.

"मंग काय नेता?"

"दात हायेत." त्यांनी तिच्यासमोर हात खांद्यावरच्या उपरण्याला पुसले, आणि या वेळी तिनं त्यांच्या हातांकडे पाहिलं.

"बरं झालं," ती राखेची ताटली घेऊन मोरीकडे वळत म्हणाली. "दोन साल झाले, भांडी मातीनं घासून राहिली मी."